तिकीट हातात असूनही बिनतिकीट: परदेशातल्या रेल्वेचा हिशेब

महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट काढलं की एका पीएनआरमध्ये सगळं येतं: गाडी, तारीख, डबा, बर्थ आणि प्रवासाचा हक्क. टीसी येतो, नाव बघतो, आधार कार्ड बघतो आणि पुढं जातो. ही सवय घेऊन युरोपात गेलेला माणूस तिकिटातच अडकतो, कारण तिकडं हे गाठोडं सुटं करून विकतात. प्रवासाचा हक्क वेगळा, बसायची जागा वेगळी, ते तिकीट नेमकं कुठल्या गाडीला लागू हे वेगळं, आणि काही देशांत तिकीट काढल्यावर ते चालू करावं लागतं ते आणखी वेगळं. यातलं एक जरी राहिलं तरी पैसे भरून दंडाला पात्र व्हायची पाळी येते.

टूर कंपनीच्या बसऐवजी आपलं आपण फिरणारे आता कोल्हापुरातही बरेच दिसतात. मुलगी म्युनिकला शिकते म्हणून जाणारे आईवडील, मेच्या सुट्टीत स्वित्झर्लंड गाठणारी कुटुंबं, हॅनोव्हर नाहीतर ड्युसेलडॉर्फच्या प्रदर्शनाला निघालेले शिरोली-गोकुळ शिरगावचे फाउंड्रीवाले. तिघांची कामं वेगळी, चुकायच्या जागा मात्र त्याच.

आधी भाड्याचं बघू. आपल्याकडं बहुतेक गाड्यांचं भाडं ठरलेलं, घाई असते ती जागेसाठी. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आलं, तरी सकाळी आठच्या ठोक्याला साइट उघडून बसणं काही सुटलेलं नाही. युरोपात वेगवान गाड्यांचं भाडं विमानासारखं चढतं. दोन महिने आधी वीस-तीस युरोला मिळणारं तिकीट आदल्या दिवशी शंभराच्या घरात जाऊ शकतं. लोकल आणि प्रादेशिक गाड्यांचं भाडं बहुतेक ठिकाणी स्थिर असतं, ते आधी काढून ठेवण्यात काही हशील नाही. म्हणजे घरून निघण्यापूर्वी फक्त वेगवान गाड्या काढायच्या, बाकीचं तिथं गेल्यावर. युरोपभर वेळापत्रक डिसेंबरच्या मध्याला बदलतं. नाताळात जायचं असेल आणि ऑगस्टमध्ये गाडी दिसत नसेल तर ती बंद झालेली नाही, तिचं बुकिंग अजून उघडलेलं नाही एवढंच.

स्वस्त तिकिटाची किंमत दुसऱ्या बाजूनं वसूल होते. जर्मनीतलं ‘श्पारप्राइस’ हे सवलतीचं तिकीट ज्या गाडीचं काढलं तिलाच चालतं. ‘सुपर श्पारप्राइस’ रद्दही करता येत नाही. मुंबईहून फ्रँकफर्टला उतरल्यावर लगेच पुढची गाडी पकडायची असेल तर ही दोन्ही तिकिटं जोखमीची आहेत. विमान दोन तास उशिरा आलं, तर तो तुमचा आणि विमान कंपनीचा मामला, रेल्वेचा त्याच्याशी संबंध नाही. अशा वेळी कुठल्याही गाडीला चालणारं ‘फ्लेक्सप्राइस’ महाग पडलं तरी तेच घ्यावं, नाहीतर उतरण्याच्या वेळेनंतर निदान तीन तास सोडून पुढची गाडी धरावी. फ्रँकफर्ट विमानतळाला दोन स्टेशनं आहेत, लांबच्या गाड्यांचं वेगळं आणि लोकलचं वेगळं. दोन्हींमध्ये बॅगा ओढत चालायला दहा मिनिटं धरा.

आता जागा. जर्मनीच्या वेगवान आयसीई गाडीत तिकीट म्हणजे फक्त चढायची परवानगी. जागेचं आरक्षण वेगळं, साधारण पाच-सहा युरोचं, आणि सक्तीचं नाही. रिकामी खुर्ची दिसली की बसायचं, पण आधी खुर्चीवरची किंवा खिडकीशेजारची छोटी पाटी वाचायची. तिथं दोन गावांची नावं असतील तर तेवढ्या टप्प्यासाठी ती जागा कुणाची तरी आहे. पुढच्या टप्प्याला रिकामी असेल तर खुशाल बसा. पाटीवर सुरुवातीला जी-जी-एफ अशी तीन अक्षरं दिसली तर ती खुर्ची आत्ता मोकळी आहे, पण गाडी चालू असतानाही कुणीतरी मोबाइलवरून ती घेऊ शकतं. तिथं बसलात तर उठायची तयारी ठेवा. उलट तुमचं आरक्षण असेल तर गाडी सुटल्यापासून पंधरा मिनिटांत जागेवर पोचा, नंतर तो हक्क उरत नाही. चुकीच्या डब्यात चढून दोन मोठ्या बॅगा घेऊन नऊ डबे पार करायला पंधरा मिनिटं पुरत नाहीत, हे लक्षात असू द्या.

म्हणून फलाटावर कुठं उभं राहायचं हे महत्त्वाचं. फलाटाचे ए, बी, सी, डी असे भाग पाडलेले असतात आणि कुठला डबा कुठल्या अक्षरासमोर येणार ते पडद्यावर दिसतं. आपल्या कोच इंडिकेटरचंच काम, फक्त गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते. खिडक्यांच्या वर पिवळा पट्टा दिसला तर तो पहिला वर्ग. दार आपोआप उघडत नाही, बटण दाबावं लागतं. दार उघडेना म्हणून पुढच्या डब्याकडं धावत सुटणाऱ्यांत आपली माणसं पुष्कळ असतात.

डब्याचा प्रश्न खरा गंभीर होतो तो गाडी वाटेत तुटते तेव्हा. हॅनोव्हरहून ड्युसेलडॉर्फला जाणाऱ्या फाउंड्रीवाल्यांनी हे नीट वाचावं. बर्लिनहून हॅनोव्हरमार्गे येणाऱ्या बऱ्याच आयसीई गाड्या दोन जोडलेल्या गाड्यांच्या असतात आणि ‘हाम’ नावाच्या स्टेशनवर वेगळ्या होतात. एक भाग डॉर्टमुंड, एसेनवरून ड्युसेलडॉर्फला जातो, दुसरा हागेन आणि वुपरटालवरून कोलोनला. दोन्ही भागांत आतून जायला वाट नसते, त्यामुळं ‘आधी चढू, मग चालत जाऊ’ हे चालत नाही. हामला उतरून फलाटावरून पळत दुसऱ्या भागात जाता येतं, पण त्यासाठी आधी कळायला हवं की आपण चुकीच्या भागात आहोत. डब्यातल्या पडद्यावर पुढची स्टेशनं दाखवतात. चढल्याबरोबर तिथं आपलं गाव आहे का ते बघायचं. हाच प्रकार स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेन ओस्टहून डोंगरात जाणाऱ्या गाडीचा. ती त्स्वायल्युट्शिनेनला दुभंगते, अर्धी लाउटरब्रुनेनला आणि अर्धी ग्रिंडेलवाल्डला. डब्यावर बाहेरून गावाचं नाव असतं. कुटुंबातले चौघे चार दारांतून चढले की अर्धे एका दरीत आणि अर्धे दुसऱ्या दरीत.

गाडी उलटी निघाली म्हणून मात्र घाबरू नका. फ्रँकफर्ट, झुरिक, मिलान, रोम या मोठ्या स्टेशनांत रूळ आत येऊन संपतात, पुढं जाणारी गाडी आली त्याच बाजूनं बाहेर पडते. मिरजेत गाडीनं तोंड फिरवलेलं ज्यांनी आयुष्यभर पाहिलंय त्यांना हे सांगायला नको.

जर्मनीबद्दल एक गैरसमज काढून टाकलेला बरा. गाड्या घड्याळासारख्या धावतात ही जुनी कीर्ती आता उरलेली नाही. २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी साधारण ६२ टक्केच वेळेवर पोचल्या, आणि तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर ‘वेळेवर’ धरून. रेल्वेचं अ‍ॅप गाडी बदलायला सात-आठ मिनिटांचा वेळ सुचवतं. स्वित्झर्लंडमध्ये तेवढा पुरतो, कारण समोरच्याच फलाटावर पुढची गाडी उभी असते. जर्मनीत अर्धा तास ठेवा आणि दिवसाची शेवटची गाडी कधीही धरू नका. आपल्याकडं गाडी चुकली तर एसटी आहे, वडाप आहे. तिकडं रात्री अकराला एखाद्या लहान स्टेशनवर टॅक्सीचे शंभर-दीडशे युरो होतात.

यात एक नियम तुमच्या बाजूचा आहे. जर्मनीत गाडी मुक्कामी निदान वीस मिनिटं उशिरा पोचणार असं दिसलं की सवलतीच्या तिकिटाचं गाडीशी असलेलं बंधन सुटतं आणि दुसऱ्या गाडीनं जाता येतं. पण पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल तरच. थोडी बचत म्हणून दोन टप्प्यांची दोन वेगळी तिकिटं काढली आणि पहिली गाडी उशिरा आली, तर दुसरं वाया गेलं असं समजा. शक्यतो सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच तिकीट काढावं.

प्रदर्शनवाल्यांसाठी एवढंच: हॅनोव्हरला मेळाव्याच्या दिवसांत काही आयसीई थेट ‘हॅनोव्हर मेस्से/लाट्सेन’ला थांबतात, शहरात जाऊन परत यायचं कारण नाही. ड्युसेलडॉर्फला मुख्य स्टेशनवरून यू-७८ ही लाइन प्रदर्शनाकडं जाते. त्या आठवड्यात गाड्या इतक्या भरतात की पाच-सहा युरोचं आरक्षण न करणं म्हणजे दाराशी बॅगेवर बसून जाणं. आणि सगळ्या जर्मनीत चालणारं मासिक ‘डॉइचलांड-टिकेट’ कुणी सुचवलं तर दोन गोष्टी लक्षात ठेवा: ते आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाही, आणि ते वर्गणीसारखं आपोआप पुढं चालू राहतं. महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसेही कापले जातात, तुम्ही तेव्हा रंकाळ्यावर फिरत असलात तरी.

इटली: तिकीट चालू करणे

इटलीत वेगवान गाड्या दोन कंपन्यांच्या, सरकारी मालकीची त्रेनितालिया आणि खासगी इतालो. एकीचं तिकीट दुसरीत चालत नाही. या गाड्यांत जागा ठरलेली असते, त्यामुळं आपल्या माणसाला तिथं घरच्यासारखं वाटतं. घोळ होतो तो प्रादेशिक गाड्यांत, म्हणजे फ्लॉरेन्सहून पिसा, व्हेनिसहून व्हेरोना अशा जवळच्या प्रवासात. यंत्रातून किंवा खिडकीवरून काढलेल्या कागदी तिकिटावर चढण्याआधी शिक्का मारावा लागतो. फलाटाच्या तोंडाशी भिंतीवर किंवा खांबावर लहान पेटीसारखं यंत्र असतं. तिकीट आत सरकवायचं आणि करकर आवाज होईपर्यंत दाबून धरायचं. मग बाहेर काढून कडेला तारीख-वेळ खरंच उमटली आहे का ते बघायचं. पुष्कळदा शाई फिकट असते, मग दुसऱ्या यंत्रावर जायचं. शिक्का मारल्यापासून तिकीट चार तास चालतं. सगळी यंत्रं बंद असतील तर चढल्यावर स्वतःहून टीसीला गाठून सांगायचं. तो आपल्यापर्यंत आल्यावर सांगितलं तर ते कारण समजलं जात नाही. यामागचं कारण सोपं आहे: ते तिकीट त्या मार्गावरच्या कुठल्याही प्रादेशिक गाडीला चालतं, शिक्का नसेल तर तेच पुन्हा पुन्हा वापरता येईल.

मोबाइलवर काढलेल्या प्रादेशिक तिकिटाला शिक्का नाही, पण चढण्याआधी तिकिटासोबत आलेल्या दुव्यावर जाऊन ‘चेक-इन’ करावं लागतं. विमानाचं चेक-इन आठवणीनं करणारे लोक हे विसरतात.

इटलीचा दुसरा खास प्रकार म्हणजे संप. तारीख आधी जाहीर होते आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात प्रादेशिक गाड्यांची किमान सेवा चालू ठेवावी लागते. परतीचं विमान असेल त्या आठवड्यात ‘शोपेरो’ (संप) हा शब्द शोधून बातम्या बघून ठेवा. स्टेशनच्या नावांकडंही लक्ष द्या. ‘व्हेनेत्सिया मेस्त्रे’ हे जमिनीवरचं उपनगर आणि ‘व्हेनेत्सिया सांता लुचिया’ हे पाण्यातलं, पुढं दहा-बारा मिनिटांवरचं. मेस्त्रेला उतरून कालवे कुठं आहेत म्हणून विचारणारे रोज भेटत असतील. कोलोनचंही तसंच: काही गाड्या मुख्य स्टेशनला न जाता नदीपलीकडच्या ‘मेस्से/डॉइट्झ’ला थांबतात. पॅरिसमध्ये मोठी स्टेशनं सहा-सात आहेत आणि लंडनकडून उत्तरेच्या स्टेशनवर आलेल्या माणसाला दक्षिणेची गाडी शहराच्या दुसऱ्या स्टेशनवरून मिळते. मेट्रोनं बॅगांसकट निदान एक तास ठेवा. तिथल्या वेगवान टीजीव्हीची दारं सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतात, म्हणजे १०:१४ ची गाडी तुमच्यासाठी १०:१२ ची.

स्वित्झर्लंडमध्ये साध्या गाड्यांत आरक्षणाचा प्रश्नच नाही, तिकीट घ्या आणि कुठंही बसा. पण तिथला एक नियम कडक आहे. मोबाइलवरचं तिकीट गाडी हलण्याआधी पूर्ण काढून झालेलं हवं. गाडीत चढून टीसी दिसल्यावर घाईघाईनं काढलेलं तिकीट चालत नाही, कारण त्यावर खरेदीची वेळ सेकंदासह असते. दंड ९० फ्रँकपासून सुरू होतो. जर्मनीत तो किमान ६० युरो. परदेशी पाहुणा म्हणून सूट मिळेल ही आशा सोडा. ‘आम्ही इंडियातून आलोय’ हे वाक्य तिथल्या टीसीनं तुमच्याआधी पुष्कळांकडून ऐकलेलं आहे.

ग्लेशियर एक्स्प्रेस आणि बर्निना एक्स्प्रेस या काचेच्या गाड्यांना मात्र आरक्षण सक्तीचं, त्याचे पैसे वेगळे, पास असला तरी. इथं माझं मत स्पष्ट आहे: बर्निनासाठी ते पैसे घालवू नका. त्याच रुळांवरून त्याच लाल रंगाच्या साध्या गाड्या धावतात, त्यांना आरक्षण लागत नाही आणि बऱ्याच डब्यांच्या खिडक्या खाली सरकतात. काचेच्या डब्यात खिडकी उघडत नाही, फोटोत समोरच्या बाकावरच्या माणसाचं प्रतिबिंब येतं. ओस्पित्सिओ बर्निना २,२५३ मीटरवर आहे. तिथून गाडी उतरत उतरत इटलीतल्या तिरानोला जाते आणि वाटेत ब्रुझिओला दगडी पुलावर गोल वळसा घेऊन स्वतःच्याच खालून जाते. साध्या गाडीत हे सगळं उघड्या खिडकीतून दिसतं. वाटेत उतरून पुढच्या गाडीनंही जाता येतं.

पासचा हिशेब

पास घेतला की सगळं फुकट, हा समज एजंटांनी पसरवलेला आहे. युरेल ग्लोबल पास ३३ देशांत चालतो आणि दोन प्रकारचा असतो: ठरावीक मुदतीत काही दिवस वापरायचा (महिन्यात ४, ५ किंवा ७ दिवस, दोन महिन्यांत १० किंवा १५ दिवस) नाहीतर सलग. सात दिवसांचा दुसऱ्या वर्गाचा पास साधारण पावणेचारशे-चारशे युरोच्या घरात पडतो. म्हणजे दिवसाला साधारण पंचावन्न युरो. ज्या दिवशीचा प्रवास सुटा त्यापेक्षा स्वस्त आहे, त्या दिवशी पास वापरायचा नाही. फ्लॉरेन्स-पिसासारख्या प्रवासावर पासचा दिवस खर्च करणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

वर जागेचे पैसे. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडच्या बहुतेक गाड्यांत पासवर नुसतं चढता येतं. फ्रान्स, इटली, स्पेनच्या वेगवान गाड्या आणि लंडनला जाणारी युरोस्टार यांना आरक्षण लागतंच. दर वेळी दहा-वीस युरो, युरोस्टारला त्याहून जास्त. टीजीव्हीत पासवाल्यांसाठी जागा मर्यादित ठेवतात. गाडीत खुर्च्या रिकाम्या असल्या तरी पासवाल्यांचा कोटा संपलेला असू शकतो. आपल्याकडच्या कोट्यांचा अनुभव असलेल्यांना हे लगेच कळेल. थोडक्यात कार्यक्रम जर्मनभाषक देशांचा आणि ऐनवेळी ठरणारा असेल तर पास फायद्याचा. पॅरिस, मिलान, रोम अशी ठरलेली धाव असेल तर आधी काढलेली सुटी तिकिटं स्वस्त पडतात.

पास आता मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये असतो. गाडीत चढण्याआधी तो प्रवास अ‍ॅपमध्ये नोंदवून त्या दिवसाचं तिकीट चालू करावं लागतं. टीसी क्यूआर कोड बघतो, पासची पावती बघत नाही. तीन दिवसांतून एकदा तरी अ‍ॅपला इंटरनेट मिळालं पाहिजे. एक दिवस म्हणजे रात्री बारा ते रात्री बारा. रात्रीची गाडी बारानंतर बदलायची नसेल तर चढण्याचा एकच दिवस खर्ची पडतो. ४ ते ११ वर्षांची मुलं मोठ्यांबरोबर फुकट, पण त्यांचा शून्य युरोचा पास आधी मागून घ्यावा लागतो.

फक्त स्वित्झर्लंड करायचं असेल तर युरेल नको. इंटरलाकेन ओस्टच्या पुढं डोंगरातल्या गाड्या वेगळ्या कंपनीच्या आहेत, युरेलवर तिथं फक्त सवलत. स्विस ट्रॅव्हल पास (३, ४, ६, ८ किंवा १५ दिवस) ग्रिंडेलवाल्ड आणि वेंगेनपर्यंत पूर्ण चालतो, शिवाय शहरातल्या बस आणि सरोवरातल्या बोटींवरही. त्याच्या पुढं, ३,४५४ मीटरवरच्या युंगफ्राउयोखला, त्यावरही पंचवीस टक्केच सूट. घरी हिशेब मांडताना हा खर्च वेगळा धरा, नाहीतर चौघांचं वरचं तिकीट ऐकून सहल तिथंच आटपते. आईवडिलांबरोबर मुलं असतील तर ‘स्विस फॅमिली कार्ड’ पाससोबत मागा. ६ ते १५ वयाची मुलं त्यावर फुकट फिरतात.

जपानचे दोन कागद

शिंकानसेन या वेगवान गाडीचं तिकीट खिडकीवर काढलं की बऱ्याचदा दोन तिकिटं हातात येतात. एक अंतराचं मूळ भाड्याचं, दुसरं वेगवान गाडीच्या हक्काचं आणि जागेचं. फाटकात दोन्ही एकावर एक ठेवून एकदमच सरकवायची. एकच घातलं तर फाटक बंद होतं आणि मागं रांग लागते. पलीकडं दोन्ही परत बाहेर येतात, ती उचलायला विसरू नका, उतरताना पुन्हा लागतात. शहरातल्या प्रवासाला सुइका किंवा इकोकासारखं आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड बरं, पण कमी पैसे असतील तर बाहेर पडताना फाटक उघडत नाही. शेजारी फरक भरायचं यंत्र असतं, तिथं भरा. दंड नाही, कुणी ओरडतही नाही.

जपान रेल पासबद्दल जुन्या व्हिडिओंवर विश्वास ठेवू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. तोक्यो ते क्योतो एका बाजूचं तिकीट साधारण १४,००० येन, जाऊन-येऊन अठ्ठावीस हजार. म्हणजे नेहमीच्या कार्यक्रमाला पास तोट्याचा. हिरोशिमापर्यंत जाऊन परत येणार असाल तरच कागद-पेन घेऊन बसा. सर्वांत वेगवान नोझोमी गाडीला पासवर जादा पैसे पडतात, तेही धरा.

तोक्यो-क्योतो-ओसाका मार्गावर बॅगेचं माप बघतात. लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर आणि २५० च्या आत असेल तर डब्यात शेवटच्या रांगेमागं जागा असलेली खुर्ची आधी आरक्षित करायची. वेगळे पैसे नाहीत, पण न करता चढलात तर १,००० येन. चाकं आणि हँडल धरून टेपनं घरीच मोजा. आपल्याकडच्या मोठ्या बॅगा या रेषेच्या आसपास येतात आणि फुगवल्या की पलीकडं जातात. क्योतोला जाताना फुजी डोंगर उजवीकडं दिसतो, साध्या डब्यात ई क्रमांकाची खुर्ची मागा.

पैसे, बॅगा, पासपोर्ट

परदेशी रेल्वेच्या साइटवर आपलं कार्ड नाकारलं जायचं मुख्य कारण म्हणजे बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असणं. दुसरं, ओटीपी येणारं भारतीय सिम घरी ठेवून तिकडचं सिम घालणं. दोन सिमचा फोन घ्या आणि भारतीय सिमवर रोमिंगमध्ये मेसेज येतात का ते निघण्यापूर्वी कंपनीला विचारा. तिकीटयंत्र ‘रुपयांत द्यायचे की युरोत’ असं विचारतं, तेव्हा युरो निवडायचं. रुपये निवडले की दर यंत्रवाल्याचा लागतो आणि तो नेहमी वाईट असतो.

हमाल नाहीत. जुन्या डब्यांना तीन उंच पायऱ्या असतात, लहान स्टेशनांत लिफ्ट बंद असते. स्वतः एका हातानं छातीपर्यंत उचलता येईल एवढीच बॅग घ्या, म्हणजे साधारण पंधरा किलो. कांदा-लसूण चटणी, भडंग आणि भाजणी चालते. पेढे, खवा, तूप मात्र युरोपीय संघात नेता येत नाही, दुधाच्या आणि मांसाच्या पदार्थांना तिथं बंदी आहे. गाडीत जेवायला कुणाची हरकत नसते, पण शांततेच्या डब्यात चटणीचा डबा आणि स्पीकरवरचा व्हिडिओ कॉल दोन्ही टाळा.

पासपोर्ट बॅगेत नको, अंगावर हवा. एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या शेंगेन देशांत सीमेवर गाडी थांबत नसली तरी पोलीस डब्यात येऊन तपासतात. जर्मनीनं १६ सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सगळ्या भूसीमांवर अशी तपासणी सुरू केली. ब्रिटनचा व्हिसा वेगळा, त्यामुळं युरोस्टारला विमानासारखी पासपोर्ट तपासणी होते आणि निदान दीड तास आधी पोचलेलं बरं.

उशिराची भरपाई मागायला आपली माणसं लाजतात, खरं तर तो हक्क आहे. युरोपीय संघात साठ मिनिटं किंवा जास्त उशिराला तिकिटाचे २५ टक्के आणि दोन तास किंवा जास्त झाल्यास ५० टक्के परत मिळतात. सवलतीच्या तिकिटालाही हे लागू आहे. तिकीट फेकू नका, उशीर दाखवणाऱ्या अ‍ॅपचा स्क्रीनशॉट घ्या आणि तीन महिन्यांच्या आत अर्ज करा. ज्या खात्यावरून तिकीट काढलं तिथूनच ऑनलाइन अर्ज सोपा. अडचण येते ती पैसे घेण्यात: फॉर्म आयबान हा आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांक मागतो आणि आपल्या बँकांना तो नसतो. तिकडं मुलगी किंवा भाचा असेल तर त्यांना विचारून त्यांचं खातं द्या, नाहीतर व्हाउचर घ्या आणि परतण्याआधीच पुढच्या तिकिटाला वापरून टाका. चार युरोच्या आतली रक्कम मात्र देत नाहीत.